टाकीला कान, पाठीला पट्टा : स्कूबाच्या सामानाची घरगुती दुरुस्ती आणि सोय

समुद्राखालचे मासे, प्रवाळ, बुडालेली जहाजं यांच्यावर बोलणारे पुष्कळ जण तुम्हाला ऐकायला मिळतील. मी आज बोलणार आहे ते सामान पाण्यापर्यंत कसं न्यायचं आणि पाण्यात अंगावर कसं बांधायचं यावर. विषय हमालीचा वाटेल. आहेच. पण डायव्हिंग सोडून देणाऱ्या लोकांना तुम्ही कारण विचारलंत, तर भीतीपेक्षा कंबर आणि गुडघे हीच उत्तरं जास्त येतात. आणि पाण्याखाली जे घोटाळे होतात, त्यातले बरेचसे कुठल्या तरी लोंबणाऱ्या पट्ट्यापासून सुरू होतात.

आता घरी येणारा स्वयंपाकाचा गॅस डोळ्यांसमोर आणा. आत १४.२ किलो गॅस, आणि सिलिंडरचं वजन त्याहून वेगळं. पण त्याच्या डोक्यावर एक लोखंडी कडं असतं आणि त्यात हात घालायला जागा असते. डिलिव्हरीवाला त्यात बोटं अडकवून सिलिंडर सहज खांद्यावर घेतो. कढईला दोन कान असतात, बादलीला कडी असते, कळशीला निदान काठ असतो. स्कूबाच्या टाकीला मात्र काहीच नाही. वर गोल खांदा, आखूड मान आणि मानेवर व्हॉल्व्ह. धरायचं कुठे, तर त्या व्हॉल्व्हला. ओल्या हातांनी.

बनवणाऱ्यांना हे सुचलं नाही असं नाही. घरगुती गॅस आत द्रवरूपात असतो, त्याचा दाब आपल्या हवेत साधारण दहा बारच्या आतबाहेर. तिथे पोलादी पत्रा वेल्ड करून सिलिंडर करता येतो, त्यावर कडंही वेल्ड करता येतं. स्कूबाच्या टाकीत हवा भरतात २०० बारच्या पुढे, म्हणजे वीसपट दाब. ती टाकी एकसंध, बिनजोडाची असते. सगळ्यात जास्त वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी, जिला सगळे 'ॲल्युमिनियम एटी' म्हणतात, तिचा धातू भट्टीत ठराविक तापमानाला तापवून, थंड करून मजबूत केलेला असतो. तिला पुन्हा उष्णता दिली की ती मजबुती उतरते. अमेरिकी नियमांत तर अशी टाकी १७७ अंश सेल्सियसच्या वर तापली असेल तर ती बादच करतात. घरातला ओव्हन त्याहून जास्त तापतो.

म्हणून पहिला नियम, आणि यात चर्चेला जागा नाही. टाकीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, रंग भट्टीत सुकवायचा नाही, घासून खाच करायची नाही. व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, हवेची पिशवी, म्हणजे हवा जिथे जिथे कोंडलेली आहे, तिथे घरगुती हात लावायचा नाही. आपलं राज्य फक्त पट्टे, दोऱ्या, कड्या आणि शिवण यांचं. ते राज्यही काही लहान नाही.

किती वजन, आणि ते टोचतं कुठे

आकडे बघू. ॲल्युमिनियम एटी रिकामी साधारण १४ किलोची. भरली की आत २.७ किलोच्या आसपास हवा. लोकांना हे खरं वाटत नाही. हवेला कसलं वजन? पण २,३०० लिटर हवा आत कोंबली, लिटरला सव्वा ग्रॅमच्या जरा खाली धरा, गुणाकार करून बघा. म्हणजे एकूण १७ किलो. ती ६६ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर जाड. वजनापेक्षा हा आकार जास्त त्रास देतो. कुशीत मावत नाही आणि बगलेत धरवत नाही.

आता १७ किलोची टाकी सहा मिलिमीटरच्या दोरीने उचलली असं समजा. तळहाताची रुंदी आठ सेंटिमीटर. म्हणजे दोरी हाताला टेकते ती जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर जागेवर. दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. बाजारातून बटाटे आणताना पिशवीचे बंद बोटांत रुततात ना, तेच. त्याच दोरीवर तीन सेंटिमीटर जाडीची रबरी नळी ओवली की टेकण्याची जागा पाचपट होते आणि भार दर चौरस सेंटिमीटरला ७०० ग्रॅमवर येतो. डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ ठेवणाऱ्या बायकांनी हे गणित कुठल्याही पुस्तकाशिवाय सोडवलेलं आहे. बागेत पाणी घालायच्या जाड पाइपचा वीतभर तुकडा ही टाकीच्या मुठीसाठी सर्वोत्तम वस्तू आहे. मिठाच्या पाण्याने त्याला काही होत नाही आणि तो सुईधाग्याशिवाय बसवता येतो.

सगळ्यात सोपा कान असा. पाउण मीटरभर नवार घ्या. नवार म्हणजे खाटेची नवार नव्हे, ती सुती. नायलॉनची, २५ मिलिमीटर रुंद घ्या. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून शिवून टाका, वेटोळं झालं. ते टाकीच्या मानेभोवती, व्हॉल्व्हच्या खाली, स्वतःतूनच ओवून घ्या. जितकं ओढाल तितकं ते आवळतं. वरच्या फासावर शिवण्याआधीच पाइपचा तुकडा ओवलेला असला पाहिजे, नाहीतर सगळं उसवून परत करावं लागतं. हा कान टाकी उभी धरायला चांगला. गाडीतून काढून वाळूतून पन्नास पावलं चालायला पुरतो. बूड मात्र नडगीला लागत राहतं.

लांब जायचं असेल तर टाकी आडवी हवी. त्यासाठी दोन आधार लागतात, एक मानेला आणि एक पोटाला, आणि मूठ तोलबिंदूच्या वर यायला हवी. तोलबिंदू शोधायला गणित नको. व्हॉल्व्ह लावलेली टाकी जमिनीवर एका जाड लाटण्यावर आडवी ठेवा आणि पुढेमागे सरकवा. जिथे डुलत थांबते तिथे खडूने रेघ मारा. रेग्युलेटर लावून वाहून नेणार असाल तर तो लावून तोला, कारण बिंदू थोडा मानेकडे सरकतो.

नवार, धागा आणि धातू

इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेक घरगुती कामं इथेच फसतात.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, इथे तुम्हाला हवी ती पट्टी मिळेल. दुकानदार सगळ्याला नायलॉनच म्हणेल. त्यातली निम्मी पॉलिप्रॉपिलीन असते. बादलीत साबणाचं पाणी घ्या, तुकडा पाण्याखाली नीट चोळून आतली हवा काढा आणि सोडून द्या. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याहून कमी, बाकी दोघांची जास्त, इतकी साधी ही परीक्षा. पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर ठिसूळ होतं. प्लास्टिकच्या पट्ट्यांची जुनी खुर्ची गच्चीवर दोन वर्षं ठेवलीत तर पट्टी बोटात चुरते, तसंच. नायलॉन चिवट आहे, झटका सोसतं, पण पाणी पितं, ओलं झालं की थोडं ढिलं पडतं आणि त्याची ताकदही थोडी उतरते. पॉलिएस्टर ताणत नाही आणि ऊनही जास्त सोसतं. हातातल्या कानाला दोन्हीपैकी काहीही चालेल. अंगावरच्या पट्ट्याला ५० मिलिमीटरची ताठ विणीची नायलॉनची पट्टी घ्या. मऊ, गुळगुळीत पट्टी हाताला छान लागते, पण कड्यांमधून सरकते आणि पाण्यात तिची वळकटी होते.

ताकदीची काळजी पट्टीबद्दल करू नका. चांगली ५० मिलिमीटरची पट्टी तुटायला टनाहून जास्त ओढ लागते. तुटते ती शिवण. एक टाका पाच किलो पेलतो असं धरा. पन्नास टाके असतील तर अडीचशे किलो. पुरे वाटतं. पण बोटीवर टाकी उचलताना लाट येते, बोट वर जाते, टाकी खाली, आणि क्षणभर १७ किलोचे चाळीस-पन्नास किलो होतात. शिवाय धागा उन्हाने, मिठाने, घासून झिजतो. म्हणून निदान पाचपट, शक्य तर दहापट हात राखून शिवायचं. पट्टीचा पाच-सहा सेंटिमीटर भाग एकमेकांवर आणा, चौकोन शिवा, आत फुली मारा. ट्रेकिंगच्या सॅकच्या बंदावर हीच शिवण दिसते. जास्त मजबूत व्हावं म्हणून टाक्यावर टाके घालत बसू नका. सुईची भोकं फार जवळ आली की पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी तिथेच फाटते.

धागा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा, जाड. सुती अजिबात नको. मालवणला एका डायव्हरने सुंदर कान करून आणले होते. चामड्याच्या मुठी, शिवण अशी की बघत राहावं. शिवणाऱ्याने चामड्याला शोभतो म्हणून मेणाचा सुती दोरा वापरला होता. एक हंगाम टिकलं. दुसऱ्या हंगामात टाकी बोटीच्या फळीवर पडली आणि एका पोराच्या पायाचं बोट मोडलं. शिवण वरून काळीभोर, धडधाकट दिसत होती. आत दोऱ्याची माती झाली होती.

घरच्या शिलाई मशीनवर दुहेरी नवार शिवायला जाऊ नका, सुई मोडते आणि घरात भांडणं होतात. (हशा) बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे जा. कागदावर चौकोन-फुली काढून न्या, धागा आपला न्या. वीस मिनिटांचं काम.

टोकं कापली की सुटतात, म्हणून वितळवून बंद करायची. मेणबत्तीवर केलं तर काजळी धरते आणि कडक गोळा होतो, तो पुढे मानेला ओरबाडतो. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कापलं तर कापणं आणि बंद करणं एकदमच होतं. गोळा झालाच तर गरम असताना जुन्या चमच्याच्या पाठीने दाबून चपटा करा. बोटाने नाही. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि सोडत नाही.

धातूचं थोडक्यात सांगतो. समुद्रासाठी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ वर तांबूस डाग लवकर येतात. क्रोम चढवलेलं पितळही चांगलं. जस्त चढवलेलं लोखंड हंगामभरात फुगतं आणि जाम होतं. आणि स्टेनलेसचा पट्टा ॲल्युमिनियमच्या टाकीवर थेट आवळला, मध्ये खारं पाणी राहिलं, तर ती छोटीशी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे तुमची टाकी. पट्ट्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घाला, आणि घातली म्हणून निर्धास्त राहू नका. हंगाम संपला की पट्टा काढा, खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, कुठे खड्डे पडलेत का बघा. दिसले तर तपासणाऱ्याला दाखवा. घरी घासून गुळगुळीत करू नका.

पट्ट्याची गोष्ट

आता अंगावरचा पट्टा. यात थोडा इतिहास सांगतो, कारण आज दुकानात हजारो रुपयांना मिळणारी गोष्ट मुळात गॅरेजमधली आहे.

जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांचा ॲक्वालंग १९४३चा. तेव्हाची बांधणी अगदी साधी होती : खांद्यावर दोन पट्टे, कंबरेला एक, मांड्यांमधून एक. पुढे पाण्यात तरंगण्यासाठी फुगवायच्या पिशव्या आल्या, आणि मग पट्टे, पिशवी, खिसे सगळं एकत्र करून जॅकेट झालं. आज शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी तेच देतात. जॅकेट वाईट नाही. पण ते ठराविक मापात येतं आणि माणसं ठराविक मापात येत नाहीत.

दरम्यान अमेरिकेत फ्लोरिडाच्या उत्तर भागात, गोड्या पाण्याच्या झऱ्यांखालच्या गुहांत पोहणारी मंडळी होती. त्यांच्यासाठी बाजारात काही मिळत नव्हतं. सुरुवातीला तरंगण्यासाठी त्यांनी ब्लीचच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या अंगाला बांधलेल्या आहेत. १९७९च्या सुमारास ग्रेग फ्लॅनॅगन याने पाठीला धातूची वाकवलेली पाटी, तिला मागून दोन टाक्या आणि पुढून पट्टे, ही रचना केली. ती पुढे नेणाऱ्यांत विल्यम होगार्थ मेन हा गुहेतला डायव्हर होता, आणि त्याच्या मधल्या नावावरून या बांधणीला 'होगार्थियन' म्हणू लागले. कल्पना अशी की गरज नसलेली प्रत्येक गोष्ट काढून टाकायची. एकच अखंड नवार, साडेतीन-चार मीटरची. ती पाटीच्या खाचांतून फिरून दोन्ही खांदे आणि कंबर सगळं बांधते. एकच बक्कल, कंबरेला. मांड्यांमधून एक पट्टा. आणि पाच डी आकाराच्या कड्या : दोन खांद्यांवर, एक डाव्या कंबरेला, दोन मांड्यांमधल्या पट्ट्यावर. संपलं. तुटण्यासारखं फार काही उरतच नाही.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पाटीची दोन भोकं. त्यांच्यातलं अंतर ११ इंच, साधारण २८ सेंटिमीटर, हे कुठल्याही कायद्याशिवाय सगळ्यांनी पाळलं. त्यामुळे एकाची पाटी, दुसऱ्याची हवेची पिशवी, तिसऱ्याच्या टाक्या एकमेकांना बसतात. तुम्ही घरी पाटी करणार असाल तर बाकी काहीही बदला, ते अंतर बदलू नका.

इंग्लंडमध्ये याच्याही आधी वेगळी वाट निघाली होती. तिथे १९३५ साली वूकी होलच्या गुहेत पाण्याखाली जाण्याचे पहिले प्रयत्न झाले. तिथल्या गुहांत आधी तासभर चिखलातून सरपटत जायचं, मग एक छोटा डोह, मग पुन्हा सरपटणं. पाठीवर टाकी घेऊन ते जमतच नाही. म्हणून त्यांनी टाक्या कुशीला, पट्ट्याला अडकवल्या. पोहण्यापेक्षा वाहून नेणंच जास्त, आणि त्या वाहण्याच्या गरजेतून बांधणी ठरली. फ्लोरिडातल्या लोकांनी पुढे ही पद्धत उचलली आणि टाकीचं वरचं टोक बगलेत धरून ठेवायला सायकलची ट्यूब वापरली. आज याला साइडमाउंट म्हणतात आणि त्याचे रीतसर कोर्स होतात. कंबर गेलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. दोन टाक्या एकेक करून पाण्याच्या काठापर्यंत न्यायच्या आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून अडकवायच्या. पाठीवर काहीच उचलायचं नाही.

माप आणि बदल

होगार्थियन पट्टा बसवायला एक संध्याकाळ द्या. घाईत बसवलेला पट्टा पाण्यात तासभर टोचतो. पोहताना जो सूट घालणार तो घालूनच माप घ्या. खांद्याचा पट्टा आणि छाती यांच्यात हात आरामात सरकला पाहिजे. लोक पट्टा घट्ट आवळतात आणि मग हात मागे नेऊन व्हॉल्व्ह गाठता येत नाही. सामान अंगावर धरायचं काम कंबरेचा आणि मांड्यांमधला पट्टा करतो, खांदे फक्त दिशा देतात. खांद्याच्या कड्या हासळीच्या हाडाच्या थोड्या खाली. त्या फार खाली गेल्या तर अडकवलेली टाकी लोंबते, फार वर गेल्या तर समोरचा हात तिथे पोचत नाही. माप ठरलं की जास्तीची नवार लगेच कापू नका. पाच-सहा वेळा तरणतलावात पोहून या, मग कापा.

स्त्रियांना सल्ला देताना पुष्कळ शिक्षक गप्प बसतात, म्हणून स्पष्ट सांगतो. खांद्याचे पट्टे पाटीतून बाहेर पडताना थोडे बाहेरच्या बाजूला जायला हवेत, आणि छातीवरचा आडवा पट्टा, जो जॅकेटला असतो, तो लागत नाही. बुटक्या व्यक्तीला लांब पाटी माकडहाडावर आदळते. छोट्या पाट्या मिळतात. नाहीतर टाकीच खांद्याकडे दोन बोटं वर सरकवून बघा.

आता दोन बदल असे आहेत की ज्यांत जीव जाऊ शकतो. दोन्ही साध्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत.

पहिला, शिशाचा पट्टा. वजनाचा पट्टा कंबरेला बांधतात तो अडचणीत एका झटक्यात सोडून देता यावा म्हणून. घरी मांड्यांमधला पट्टा नव्याने बसवला आणि तो शिशाच्या पट्ट्यावरून घेतला, तर बक्कल उघडलं तरी शिसं खाली पडत नाही, मांड्यांमध्ये अडकून बसतं. आणि हे कधी कळतं, तर सोडायची वेळ आल्यावर. आधी मांड्यांमधला पट्टा, सगळं बांधून झाल्यावर त्याच्या वरून शिसं. नवीन काही शिवलंत की पहिल्या दिवशी उथळ पाण्यात शिसं प्रत्यक्ष सोडून बघा.

दुसरा, पाटीचं वजन. तीन मिलिमीटरची स्टीलची पाटी अडीच-पावणेतीन किलोची, ॲल्युमिनियमची एक किलोच्या आत. जॅकेटवरून स्टीलच्या पाटीवर आलात तर तितकं शिसं कमी करायचं, हे कळतं सगळ्यांना. पण ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना किंचित बुडणारी असते आणि रिकामी झाली की जवळजवळ दोन किलोंनी तरंगू लागते. म्हणून शिशाचा हिशोब रिकाम्या टाकीवर करायचा. आणि हेही बघायचं की पिशवी फाटली, हवा धरतच नाही, तर भरल्या टाकीसकट नुसत्या पायांच्या जोरावर वर येता येतं का. पाटी सोडून देता येत नाही, शिसं येतं. सगळं वजन न सुटणाऱ्या वस्तूंत घातलं तर तो मार्ग बंद झाला. आपल्याकडच्या कोमट पाण्यात पातळ सूट घालून स्टीलची पाटी आणि स्टीलची टाकी दोन्ही घेणाऱ्यांना हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

जादा टाकी बरोबर न्यायची असेल तर तिची बांधणी हा घरगुती कामाचा आदर्श नमुना. सात-आठ मिलिमीटरची दोरी मानेभोवती, तिथे एक बोल्ट स्नॅप. बोल्ट स्नॅप म्हणजे अंगठ्याने खिट्टी ओढल्यावर उघडणारी कडी, कुत्र्याच्या साखळीला असते त्या जातीची. दोरी टाकीवरून खाली येते, पोटावरच्या पट्ट्याखालून जाते, तिथे दुसरी कडी. मधल्या दोरीवर पाइपचा तुकडा, तोच कान. खांद्याची आणि कंबरेची कडी यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच या दोन कड्यांत. पोटावरच्या पट्ट्याचं स्क्रूकडचं टोक धारदार असतं, त्यावर ट्यूबचा तुकडा चढवा.

कडी दोरीला बांधताना निरगाठ मारा, सुरगाठ नको. धातूला धातू कधीच जोडायचा नाही. कडी जाम झाली तर सुरीने दोरी कापून मोकळं होता आलं पाहिजे. धातूची साखळी पाण्याखाली कापता येत नाही. आणि गिर्यारोहणातल्यासारखी आत दाबली जाणारी फाटकाची कडी वापरू नका. तिच्यावर दोरी किंवा जाळं नुसतं टेकलं तरी ते आपोआप आत जातं आणि बाहेर येत नाही. गुहेतले लोक तिला सुसाइड क्लिप म्हणतात, ते उगाच नाही. कोकणच्या पाण्यात गुहा नाहीत पण जाळी आहेत, तुटून खडकाला अडकलेली. तुमचा हौसेने शिवलेला कान पाण्याखाली फासासारखा उभा राहत असेल तर तो बोटीवर काढून ठेवा, नाहीतर ट्यूबच्या रबरी वळ्याने टाकीला चपटा दाबून टाका. आणि कात्री किंवा सुरी अशा जागी, जिथे दोन्ही हात पोचतात.

वापरण्याआधी परीक्षा घ्या. दोन टाक्यांचं वजन, म्हणजे ३५ किलो, वाळूच्या पोत्यात भरून त्या कानाला रात्रभर टांगा. जमिनीपासून वीतभर उंच, खाली जुनी गादी. खरी भरलेली टाकी टांगू नका. सकाळी पोतं धरून दहा-बारा झटके द्या. मग कान खाऱ्या पाण्यात आठवडाभर बुडवा, वाळवा, पुन्हा टांगा. शिवण कुठे पांढरी पडली, ताणली, तर उसवून परत शिवा. आपल्याकडे पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असतं. जून ते सप्टेंबर हेच शिवणकामाचे महिने.

आता प्रश्न घेऊ.

एक ताई विचारतायत, खांद्याला बक्कल का नको? मी म्हटलं ते होगार्थियन मत झालं. अखंड पट्टा, तुटायला काही नाही. गुहेत ते बरोबरच आहे. पण आपल्या छोट्या बोटींवर पाण्यातच सामान काढून वर द्यावं लागतं, आणि खांदा दुखावलेला असेल तर अखंड पट्ट्यातून हात काढणं ही शिक्षा आहे. डाव्या खांद्याला एक धातूचं बक्कल घाला. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू दे. प्लास्टिकचं घातलंत तर एक जादा बरोबर ठेवा, पाय पडला की त्याचे दात मोडतात. आणि बेशुद्ध माणसाला सामानातून सोडवायची वेळ आली तर बक्कल शोधत बसायचं नाही, दोन्ही खांद्यांचे पट्टे कापायचे. नवार स्वस्तात परत मिळते.

मागच्या रांगेतून प्रश्न, भाड्याच्या सामानावर हे करू का? नाही. शिवून, कापून काही नाही. भाड्याच्या टाकीला मानेत ओवायचा सुटा कान लावा, जाताना काढून घ्या. तो खिशात मावतो.

शेवटचा एक. वडिलांचं वय ६८, गुडघे गेलेत, पोहणं उत्तम आहे, त्यांच्यासाठी काय? आधी डॉक्टर, डायव्हिंग समजणारा. त्यांनी हो म्हटलं तर त्यांनी सामान उचलायचंच नाही. टाकी, पाटी, पिशवी सगळं जोडून, पिशवीत हवा भरून दोरीने पाण्यात सोडा. वडील शिडीवरून नुसते उतरतील आणि पाण्यात ते अंगावर चढवतील. दोरी बोटीला बांधलेली हवी, आणि सामानाकडच्या टोकाला तीच अंगठ्याने उघडणारी कडी. कडी मोठी घ्या, म्हाताऱ्या बोटांना ओढता येईल अशी.